जुन्या कर्नलला नवं शुद्धिपत्र

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या पानावर खाली खाली जात राहिलं की कुठेतरी ‘कर्नल आवृत्ती’ अशी एक ओळ सापडते. बहुतेकांनी ती कधी पाहिलेलीच नसते. ज्यांनी पाहिली, त्यांच्यातले काही दचकतात. तिथे ५.१० असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि जरा शोधाशोध केली की कळतं, लिनक्स ५.१० बाहेर पडलं डिसेंबर २०२० मध्ये. मग फोन अधूनमधून ‘सुरक्षा अपडेट घ्या’ म्हणून मागे लागतो, ती अपडेट्स जातात कुठे? आत तर ही इतकी जुनी गोष्ट बसलेली!

ती जुनी आहे आणि नाहीही. ५.१० च्या पुढे आणखी एक टिंब आणि आणखी एक आकडा असतो: ५.१०.१९८, ५.१०.२०९, असा. पहिले दोन आकडे आवृत्ती कुठली ते सांगतात. तिसरा सांगतो की त्या आवृत्तीत आजवर दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या झाल्या. या फेऱ्या कोण घालतं, कशा घालतं, आणि त्यात चुकलं तर काय होतं, ते बघू.

## कर्नल, दोन वाक्यांत

आपण वापरतो ते प्रोग्राम आणि खालचं हार्डवेअर यांच्यामध्ये बसून मेमरी, फाइल्स, नेटवर्क यांचं वाटप करणारा सॉफ्टवेअरचा थर म्हणजे कर्नल. तो चुकला तर त्याच्यावर उभं असलेलं सगळंच चुकतं.

लिनक्स हा कर्नल १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना सुरू केला. आज त्याचा कोड ३ कोटी ओळींच्या वर गेला आहे. अँड्रॉइड फोन त्यावर चालतात, इंटरनेटमागचे बहुतांश सर्व्हर चालतात, आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत २०१७ पासून दुसरं काही नावालाही उरलेलं नाही. कोड खुला आहे, कुणीही वाचू शकतो, कुणीही दुरुस्ती पाठवू शकतो. पाठवू शकतो, असं म्हटलंय. घेतली जाईलच असं नाही.

## पॅच म्हणजे शुद्धिपत्र

छापील पुस्तकाच्या शेवटी कधीकधी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. ‘पान ८७, ओळ १२: उत्तर ऐवजी दक्षिण वाचावे.’ पुस्तक पुन्हा छापलेलं नसतं. काय काढायचं आणि त्याजागी काय घालायचं, एवढंच सांगितलेलं असतं. पॅच म्हणजे हेच. वजा चिन्ह लावलेल्या ओळी काढायच्या, अधिक चिन्ह लावलेल्या घालायच्या. जागा नेमकी सापडावी म्हणून बदलाच्या वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळीही जशाच्या तशा दिलेल्या असतात.

आणि पॅचच्या डोक्यावर एक मजकूर असतो: दोष काय होता, कसा दिसला, हाच उपाय का केला. नवख्या मंडळींना हा मजकूर म्हणजे उपचार वाटतो. दोन ओळींचा बदल आणि त्यावर चार परिच्छेद कशाला? मला विचाराल तर कोडपेक्षा तो मजकूर महत्त्वाचा. का, ते पुढे येईलच.

## रिव्ह्यूत वाचतात काय?

पॅच ईमेलने, सगळ्यांना दिसेल असा पाठवला जातो. कर्नलचा प्रत्येक भाग कुणाच्या तरी ताब्यात असतो. फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडणाऱ्या भागाचा, मेंटेनर (सांभाळणारा) वेगळा, नेटवर्कचा वेगळा, एकेका ड्रायव्हरचा, म्हणजे एखादं हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचा, वेगळा. मेंटेनर आणि त्या भागातले जाणकार पॅच वाचतात, शंका काढतात, परत पाठवतात. दुसरी आवृत्ती येते, तिसरी येते. मोठ्या कामाची दहावी-पंधरावी आवृत्ती आली तरी कुणी चकित होत नाही. मेंटेनरने घेतलेले पॅच पुढे टोरवाल्ड्स यांच्या झाडात जातात. ‘झाड’ म्हणजे कोडची अधिकृत प्रत. त्या झाडातून दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते, आणि तेवढ्या काळात दहा हजारांहून जास्त बदल आत गेलेले असतात.

वाचणारा नेमकं काय बघतो? शुद्धलेखन नाही, म्हणजे तेही बघतो, पण ते यंत्रही बघतं. एक उदाहरण जवळून पाहू.

समजा एका फंक्शनमध्ये, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात, मधेच एक नवी तपासणी घालणारा पॅच आला: ‘मूल्य शून्य असेल तर इथूनच परत फिरा.’ एकच ओळ. वरच्या-खालच्या तीन-तीन ओळी बघितल्या तर निर्दोष. पण त्या फंक्शनने वीस ओळी आधी एक कुलूप लावलेलं असतं. कुलूप म्हणजे ‘मी हा डेटा वापरतोय, तोवर दुसऱ्या कुणी हात लावू नये’ अशी खूण. ते काढण्याची ओळ फंक्शनच्या तळाला आहे. आता मधूनच परत फिरलं तर कुलूप तसंच राहणार, आणि पुढे ज्याला ज्याला तो डेटा हवा तो दारात ताटकळत उभा राहणार. वरची कुलपाची ओळ आणि तळाची उघडण्याची ओळ, दोन्ही पॅचमध्ये नाहीत. म्हणून चांगला रिव्ह्यूअर पॅच वाचून थांबत नाही, मूळ फाइल उघडतो. पॅचमध्ये न दिसणाऱ्या ओळी वाचणं, हेच त्याचं खरं काम.

प्रत्येक पॅच काहीतरी धरून चालतो. कुलूप आधीच लागलेलं आहे, हा पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, रिकामा नसणार, ही मेमरी फंक्शनला हाक मारणारा कोडच मोकळी करेल, अशी गृहीतकं. ती कोडमध्ये लिहिलेली नसतात. रिव्ह्यूअर ती खणून काढतो आणि विचारतो, हे खरंच तसं आहे का? उत्तर पटलं तर पॅचच्या तळाशी त्याच्या नावाची एक ओळ लागते: ‘मी तपासला.’ तशीच ‘मी चालवून पाहिला’ याचीही ओळ असते. पॅच लिहिणाऱ्याची सही तर सक्तीची. हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं ती सांगते. ही सही २००४ पासून आहे.

हे सगळं विश्वासावर किती उभं आहे, ते २०२१ मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी, मुद्दाम सदोष पॅच पाठवले तर ते रिव्ह्यूत पकडले जातात का, असा प्रयोग मेंटेनरांना न सांगता केला होता. त्यावरून त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये भडका उडाला, विद्यापीठातून येणारे पॅच घेणं थांबवलं गेलं, आणि तिथून पूर्वी आलेले चारशेहून जास्त बदल पुन्हा एकदा तपासायला लागले. त्यातले बहुतेक निर्दोष निघाले. पण तपासणाऱ्यांचे जे दिवस त्यात गेले, ते कोण भरून देणार?

## जुन्या आवृत्त्यांचं काय करायचं?

आता मूळ प्रश्नाकडे. आज एक दोष सापडला, दुरुस्त झाला, टोरवाल्ड्स यांच्या झाडात गेला. पण फोनमध्ये ५.१० आहे, कुठल्याशा सर्व्हरवर ५.१५ आहे, कारखान्यातल्या नियंत्रकात त्याहून जुनं आहे. तोच दोष तिथेही असणार. नव्या झाडातली दुरुस्ती जुन्या आवृत्तीत नेऊन बसवणं, याला बॅकपोर्ट म्हणतात.

लिनक्समध्ये हे काम रीतसर सुरू झालं २००५ मध्ये, ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांच्यामुळे. जुन्या आवृत्त्यांच्या अशा दुरुस्त होत राहणाऱ्या प्रतींना शाखा आणि या शाखांना ‘स्टेबल’ म्हणतात. आज क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन त्या सांभाळतात. नियम थोडे आणि कडक आहेत. पॅच खऱ्या दोषावरचा हवा. कागदोपत्री दोषावरचा नको. उघडउघड बरोबर हवा आणि चालवून पाहिलेला हवा. आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नको, अपवाद होतात ते सोडा. आणि सगळ्यांत महत्त्वाचा: तो आधी मुख्य झाडात गेलेला हवा. जुन्या शाखेत आधी, नव्यात मग बघू, हे चालत नाही. कारण जुन्यात दुरुस्त झालेला दोष नव्यात राहिला, तर एखाद्याने शहाणपणा करून नवी आवृत्ती घेतली की तोच दोष त्याला पुन्हा भेटणार.

पॅच लिहितानाच लेखक दोन खुणा करून ठेवू शकतो. एक, ‘हा स्टेबलला पाठवा.’ दुसरी, ‘हा अमुक कमिटमधली चूक दुरुस्त करतो.’ कमिट म्हणजे झाडात नोंदला गेलेला एक बदल. प्रत्येकाला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. ही दुसरी खूण अमूल्य. चूक कधी शिरली ते कळलं की कुठल्या आवृत्त्यांना दुरुस्ती लागणार ते आपोआप कळतं. चूक ५.१२ मध्ये शिरली असेल तर ५.१० ला या चिठ्ठीची गरज नाही.

निवडलेले पॅच एकत्र करून चाचणीची प्रत जाहीर होते. तपासायला, चालवून बघायला साधारण ४८ तास मिळतात. एका फेरीत कधी पन्नास पॅच असतात, कधी काही शे. कुणी ओरडलं नाही तर तिसरा आकडा एकाने वाढतो. हे ४८ तास माझ्या मते या साखळीतला सगळ्यांत नाजूक दुवा आहेत. काही शे पॅच दोन दिवसांत बारकाईने वाचून होत नाहीत. त्यामुळे भिस्त राहते ती यंत्रांवर चालवलेल्या चाचण्यांवर, आणि मूळ रिव्ह्यूवर. मूळ रिव्ह्यू मात्र झालेला असतो नव्या झाडासाठी.

## पॅच लागला, पण बसला का?

शुद्धिपत्राकडे परत जाऊ. ते तिसऱ्या आवृत्तीसाठी छापलं होतं आणि तुमच्या हातात पहिली आहे. तीन गोष्टी होऊ शकतात.

पान ८७ वर ते वाक्यच नाही. पॅच लागतच नाही, ‘कॉन्फ्लिक्ट’ आला म्हणून साधन थांबतं. हा सगळ्यांत बरा प्रकार, कारण माणसाला थांबून विचार करावाच लागतो.

वाक्य आहे, पण ८५ व्या पानावर. साधन आजूबाजूच्या ओळी जुळवून जागा शोधतं आणि बहुतेक वेळा बरोबर शोधतं. क्वचित एकसारखी दिसणारी दोन फंक्शन्स शेजारी असतात आणि चिठ्ठी शेजारच्याला चिकटते.

तिसरा प्रकार खरा घातकी. वाक्य तिथेच आहे, शब्द न् शब्द तसंच आहे, चिठ्ठी तंतोतंत बसते. पण आधीच्या प्रकरणात तिसऱ्या आवृत्तीत एक परिच्छेद वाढवला होता, आणि दुरुस्तीचा अर्थ त्या परिच्छेदावर अवलंबून होता. पहिल्या आवृत्तीत तो परिच्छेद नाही. आता जे वाक्य तयार झालं ते व्याकरणात शुद्ध आणि अर्थाने चूक.

यात मी स्वतः पोळलो आहे. एका उपकरणाच्या जुन्या कर्नलमध्ये एक दुरुस्ती न्यायची होती. दोष साधा: दोन कामं एकाच वेळी एका यादीला हात लावत. नव्या झाडातला उपायही साधा: फंक्शनच्या सुरुवातीला कुलूप लावा, शेवटी काढा. पॅच अगदी क्लीन लागला. बिल्ड झालं, म्हणजे कोडपासून चालणारा कर्नल तयार झाला. उपकरण सुरू झालं, दिवसभर गुण्यागोविंदाने चाललं. संध्याकाळी बंद करायला गेलो तर बंद होईना. जुन्या कर्नलमध्ये बंद होतानाच्या वाटेवर, या फंक्शनला हाक मारणारं वरचं फंक्शन तेच कुलूप आधी लावून येत होतं. नव्या झाडात कुणीतरी ते फार पूर्वी ‘साफसफाई’ म्हणून काढून टाकलेलं. साफसफाईचे पॅच दोषदुरुस्ती नसतात, म्हणून ते स्टेबलमध्ये येत नाहीत. त्यामुळे माझं फंक्शन जे कुलूप उघडण्याची वाट बघत उभं होतं, ते लावणारं वरचं फंक्शन त्याच्याच परतण्याची वाट बघत होतं. दोघंही बिचारी प्रामाणिक.

हेच मोठ्या प्रमाणावर डिसेंबर २०२३ मध्ये झालं. एक्स्ट४ ही लिनक्समधली बहुधा सगळ्यांत जास्त वापरली जाणारी फाइल सिस्टिम. तिच्यातली एक दुरुस्ती ६.१.६४ या स्टेबल आवृत्तीत नेली गेली. नव्या झाडात ती ठणठणीत होती. पण ती उभी होती ६.५ मध्ये आलेल्या दुसऱ्याच एका बदलावर. फाइलमध्ये आपण कुठवर आलो याची जी खूण असते, ती नेमकी केव्हा पुढे सरकवायची तो क्रम त्या बदलाने हलवला होता. ६.१ मध्ये तो बदल नव्हता. चिठ्ठी बसली, परिच्छेद नव्हता. एका विशिष्ट पद्धतीने लिहिणाऱ्या प्रोग्राम्सच्या फाइल्स बिघडू शकतात, हे ध्यानात आलं तेव्हा डेबियन ही लिनक्सवर उभी असलेली संगणकप्रणाली आपली १२.३ ही आवृत्ती बाहेर काढण्याच्या बेतात होतं. त्यांनी ती रोखली. ६.१.६६ मध्ये ती दुरुस्ती मागे घेतली गेली आणि १० डिसेंबरला डेबियनने थेट १२.४ दिलं.

मूळ पॅचच्या रिव्ह्यूत ढिलाई झाली असं म्हणता येत नाही. तो ज्या झाडासाठी तपासला होता तिथे बरोबरच होता.

कधी तर चिठ्ठी नेताच येत नाही, वेगळी लिहावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला, तेव्हा कर्नलची आणि प्रोग्राम्सची मेमरी एकमेकींपासून वेगळी काढणं हा उपाय होता. ४.१४ मध्ये नव्या झाडातलं काम नेता आलं. ४.४ आणि ४.९ इतक्या मागे होत्या की तिथे त्याच कल्पनेवरचं आधीचं, निराळं काम बसवावं लागलं. रोग एकच, औषध वेगवेगळं.

## दोन ओळींची गोष्ट

उलट्या बाजूचंही एक उदाहरण, कारण बॅकपोर्ट म्हणजे नुसती भानगड असा समज व्हायला नको.

मॅक्स केलरमन या प्रोग्रामरकडे अधूनमधून तक्रार येई की सर्व्हरवरची एखादी झिप केलेली लॉग फाइल उघडत नाही. शेवटचे काही बाइट चुकीचे निघत. महिनोन् महिने मागोवा घेतल्यावर दोष कर्नलमध्ये निघाला. एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे डेटा नेणाऱ्या पाइपमध्ये, नव्या बफरचे, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेचे, फ्लॅग, म्हणजे त्याच्या स्थितीच्या खुणा, भरायच्याच राहून गेल्या होत्या. आधीच्या वापरातला जुना कचरा तसाच राहायचा. गंमत म्हणजे ही विसरलेली ओळ २०१६ पासून, ४.९ पासून तिथे होती आणि तिने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. २०२० मध्ये ५.८ आलं, त्यात पाइपच्या कोडची एक देखणी पुनर्रचना झाली, आणि त्या कचऱ्याला अचानक अर्थ आला: ‘या बफरमध्ये आणखी लिहायला परवानगी आहे.’ झालं. फक्त वाचायची मुभा असलेल्या फाइलवरही कुणीही लिहू शकेल, असं दार उघडलं. डर्टी पाइप नावाने हा दोष पुढे गाजला.

दुरुस्ती? दोन जागी एकेक ओळ: बफरचे फ्लॅग शून्य करा. बस. २० फेब्रुवारी २०२२ ला दोष कर्नलच्या सुरक्षा गटाला कळवला गेला. २३ ला ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या तिन्ही आवृत्त्या दुरुस्तीसह बाहेर होत्या; ७ मार्चला सगळा तपशील जाहीर झाला. तीन दिवसांत तीन शाखा! पॅच इतका छोटा आणि इतका स्वयंपूर्ण होता की तो कशावरच टेकून नव्हता. बॅकपोर्ट करणाऱ्याला यापेक्षा गोड पॅच मिळत नाही.

## मग सरळ नवीन कर्नलच का घेत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे, आणि स्टेबल सांभाळणारेही हाच सल्ला देतात: जमेल त्याने नवीनच घ्या. अडचण जमण्याची आहे. फोनमधल्या चिपसाठी तिच्या उत्पादकाने लिहिलेले ड्रायव्हर बऱ्याचदा मुख्य झाडात नसतात. कर्नलच्या आतल्या जोडण्या तर सतत बदलतात. बाहेरच्या प्रोग्राम्सना धक्का लागणार नाही हे वचन कर्नल कसोशीने पाळतो, पण आतल्या ड्रायव्हर्सना असं कुठलंच वचन नाही. नवीन कर्नल घ्यायचा तर ते ड्रायव्हर पुन्हा जुळवायचे, पुन्हा तपासायचे. विकून झालेल्या फोनसाठी हा खर्च करायला कोण उत्साही असतं?

कंपन्यांच्या सर्व्हरचं कारण वेगळं. रेड हॅट या कंपनीच्या २०१४ च्या एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये ३.१० हा २०१३ चा कर्नल होता आणि त्याची नेहमीची देखभाल जून २०२४ पर्यंत चालली. दशकभर वरचे दोन आकडे हलले नाहीत, पण आत नंतरच्या आवृत्त्यांतलं किती काय काय आणून बसवलं होतं! अशा कर्नलचा नुसता आकडा बघून ‘हा धोकादायक’ असा शेरा मारणारी तपासणी साधनं आजही भेटतात.

आणि सांभाळायला माणसं लागतात. दीर्घकाळ चालणाऱ्या शाखांना काही वर्षं सहा वर्षांची देखभाल मिळत होती. २०२३ मध्ये ती दोन वर्षांवर आणत असल्याचं जाहीर झालं. इतक्या जुन्या शाखा वापरणारे थोडे आणि सांभाळणारे दमलेले, असा एकंदर हिशेब. वीजकेंद्रं, रेल्वे अशा ठिकाणी मात्र यंत्र एकदा बसवलं की दशकं चालतं. त्यांच्यासाठी सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा लिनक्स फाउंडेशनचा प्रकल्प निवडक शाखा किमान दहा वर्षं जपायचं काम करतो.

## फक्त सुरक्षेचेच पॅच घेतले तर?

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण सुरक्षेचा पॅच कपाळावर टिळा लावून येत नाही. डर्टी पाइपच्या दोन ओळी आधी वाचल्या असत्या तर ‘राहून गेलेली मांडणी पूर्ण केली’ यापलीकडे काय दिसलं असतं? कर्नलमध्ये जवळपास कुठलाही दोष कुणाच्या तरी हातात हत्यार होऊ शकतो. म्हणून स्टेबलवाले म्हणतात, निवडानिवड करू नका, सगळी फेरी घ्या.

फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलचा गटच आपल्या दोषांना सीव्हीई क्रमांक देतो. सीव्हीई म्हणजे सुरक्षाविषयक दोषांची जागतिक नोंदवही. तिथे त्यांनी हीच भूमिका चालवली, आणि क्रमांकांचा पूर आला. प्रत्येक क्रमांकाची छाननी करून मगच अपडेट घ्यायचं असा नियम असलेल्या कंपन्यांची तारांबळ उडाली. माझी सहानुभूती दोन्हीकडे थोडी थोडी आहे. फेरी सगळीच घेतली तर एक्स्ट४ सारखं प्रकरण अंगावर येऊ शकतं. निवडून घेतली तर जी चिठ्ठी सोडली तीच हवी होती असं निघू शकतं. दुसरी शक्यता जास्त, एवढं मात्र आकडे न मांडताही म्हणवतं.

## कोड खुला आहे, मग दोष इतकी वर्षं राहतात कसे?

कारण खुला असणं आणि कुणीतरी वाचलेला असणं यात अंतर आहे. डर्टी काऊ हा कर्नलच्या मेमरीच्या कामातला दोष २००७ च्या २.६.२२ पासून ऑक्टोबर २०१६ पर्यंत राहिला. तो दुरुस्त करणाऱ्या पॅचच्या मजकुरात टोरवाल्ड्स यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की हा दोष आपण अकरा वर्षांपूर्वी दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तोही वाईट पद्धतीने, आणि आयबीएमच्या मेनफ्रेमवर अडचण आल्यामुळे ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. त्या काळी तो कागदावरचा धोका वाटत होता. पुढे कर्नलमधलं मेमरीचं काम बदलत गेलं आणि तो प्रत्यक्षात गाठणं सोपं झालं. गृहीतक तेव्हा खरं होतं. त्याची मुदत संपली, आणि तशी नोटीस कुणालाच आली नाही.

मजकूर महत्त्वाचा म्हणतो तो यासाठी. अकरा वर्षांनी तिथे येणाऱ्याला ‘तेव्हा काय धरून चाललो होतो’ हे फक्त तिथेच सापडतं. कोड ते सांगत नाही.

## हे सगळं यंत्राने करावं की

बरंचसं करतंच. गूगलचा सिझबॉट कर्नलला दिवसरात्र वेड्यावाकड्या विनंत्या करून पाडून बघतो आणि पडला की कळवतो. इंटेलचा बॉट नवे पॅच निरनिराळ्या रचनांत बिल्ड करून पाहतो. साशा लेविन यांनी तर ‘स्टेबलला पाठवा’ ही खूण करायला लेखक विसरला असेल असे पॅच मशीन लर्निंगने हुडकायची सोय केली, आणि त्यातून खूप दुरुस्त्या जुन्या शाखांत पोचल्या.

पण ‘हा दोषदुरुस्तीसारखा दिसतो’ हे ओळखणं वेगळं आणि ‘जुन्या झाडात याला टेकायला जागा आहे का’ हे ओळखणं वेगळं. एक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या मंडळींनी आमचे पॅच असे आपोआप उचलू नका असं स्पष्ट सांगितलं. त्यांच्याकडे एकेका जुन्या शाखेसाठी माणूस ठरलेला असतो, तो पॅच निवडतो, मोठी चाचणी चालवतो, मग पुढे धाडतो. वेळ जास्त लागतो. ज्याचा डेटा त्या फाइल सिस्टिमवर आहे, त्याची बहुधा याला हरकत नसावी.

## आता ती ओळ पुन्हा वाचू

फोन पुन्हा उघडा. बऱ्याच फोनांवर ती ओळ साधारण अशी भरते: ५.१०, मग तिसरा आकडा, मग ‘अँड्रॉइड१२’ किंवा ‘अँड्रॉइड१३’, पुढे काही अंक, आणि मग इंग्रजी ‘जी’ या अक्षरामागोमाग आकडे-अक्षरांची एक मालिका.

तिसरा आकडा म्हणजे स्टेबलची कुठली फेरी तुमच्यापर्यंत पोचली ते. अपडेटनंतर कधी तो तसाच राहिला तर लगेच निराश होऊ नका. उत्पादकाने एखादी दुरुस्ती सुटी आणूनही बसवलेली असू शकते. त्यासाठी शेजारची सुरक्षा पॅचची तारीख बघायची. ‘अँड्रॉइड१२’ ही कर्नलच्या शाखेची खूण आहे, फोनवरच्या अँड्रॉइडची नव्हे. फोनवर अँड्रॉइड १४ असतानाही तिथे १२ दिसू शकतं.

आणि ‘जी’ म्हणजे गिट, २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी कर्नलच्याच कामासाठी लिहिलेलं, बदलांच्या नोंदी ठेवणारं साधन. त्यापुढची अक्षरं हा एका कमिटचा ओळखक्रमांक आहे: तुमच्या हातातला कर्नल बांधला गेला तेव्हा त्यात चिकटवलेली शेवटची चिठ्ठी. ती शाखा सार्वजनिक झाडातली असेल तर तो क्रमांक तिथे शोधता येतो. उघडलं की कुणी लिहिलं, कुणी तपासलं, दोष काय होता आणि हाच उपाय का, असे ते चार परिच्छेद समोर येतात.